मनुका विचारणारे आक्षीकर

शमुवेल आक्षीकरांची आणि माझी ओळख तांबड्या पेन्सिलीनं झाली. एकोणसत्तर साली मी कॅनडात हॅमिल्टनला आलो आणि तिथल्या एका पोलादाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात चिकटलो. माझं काम ड्रॉइंगं काढायचं, आक्षीकरांचं ती तपासायचं. ऑफिसात त्यांना चेकर म्हणत. चेकरची सही झाल्याशिवाय कागद खाली वर्कशॉपमध्ये जात नसे. माझ्या पहिल्याच ड्रॉइंगवर त्यांनी अकरा ठिकाणी तांबडी वर्तुळं केली, कागद माझ्यापुढे ठेवला आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "कुठल्या कॉलेजानं सोडला रे तुला बाहेर?"

मी उडालोच. आठवडाभर मी त्यांना इटालियन समजत होतो. घारे डोळे, दाट जुळलेल्या भुवया, लाल गोरा रंग. आणि हॅमिल्टनात इटालियन पैशाला पासरी. म्हटलं, तुम्ही मराठी कसे? तर म्हणाले, "कसे म्हणजे? अलिबागेजवळच्या आक्षीचे. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा. तू वैद्य, म्हणजे बामण? वरणभात तरी शिजवता येतो का? नाही ना. मग रविवारी घरी ये."

त्या रविवारी गेलो तो अठरा वर्षं जात राहिलो. त्यांचं घर माउंटनवर होतं. आमच्या गावात टेकाडालाही माउंटन म्हणतात, त्याला काही करता येत नाही. घरात ते, रिबकावहिनी आणि मिलका. मिलका तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती, वडिलांच्याच भुवया, आणि माझ्या पुणेरी बोलण्याची नक्कल करून मला भंडावून सोडायची.

आक्षीकर फक्त ड्रॉइंगं तपासत नसत. ते सगळंच तपासत. उपाहारगृहात मेनूकार्डावरच्या चुका. माझ्या गाडीचे विंटर टायर्स. माझ्या लग्नाचे फोटो पाहताना त्यांनी मला भटजींच्या मागे लटकणारा उलटा लावलेला आरसा दाखवला होता. आणि सगळ्यावर एकच वाक्य, "पाहिल्याशिवाय सही नाही." मॅनेजर डोक्यावर उभा राहून घाई करायचा, हे शांतपणे पट्टी लावून मापं घेत बसायचे. त्यांच्या या वाक्याचा मला तेव्हाही राग यायचा. पुढे तर फारच आला.

दुपारी ते थर्मासमधला चहा दोन कपांत ओतत. एक माझ्यापुढे ठेवत, कपाचा कान माझ्या उजव्या हाताकडे वळवत आणि कपाशेजारी टेबलावर तळहातानं दोनदा थापटत. ठप ठप. म्हणजे पी. सगळं ऑफिस याची नक्कल करायचं, अगदी कॅनेडियन पोरंसुद्धा. त्यांना मात्र पत्ता नव्हता. एकदा मी म्हटलं तर म्हणाले, "कोण, मी थापटतो? काहीतरीच बोलतोस." जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःचा हात दिसत नव्हता. मला त्याची गंमत वाटायची.

एकाहत्तर साली त्यांना ऑफिसात तार आली. गावाकडे त्यांचे थोरले भाऊ हानोख वारले होते. आक्षीकरांनी तार दोनदा वाचली, घडी केली आणि माझ्या टेबलावरचं ब्लेड उचललं. मी घाबरलो. त्यांनी शर्टाला उजव्या बाजूला, छातीच्या वर, एक छोटी चीर पाडली आणि मग दोन्ही हातांनी धरून कापड टरकन फाडलं, वीतभर. हिब्रूत काहीतरी पुटपुटले. मला सुचेना काय करावं, म्हणून मी सेफ्टी पिन काढून पुढे केली.

"पिन लावायची नसते," ते म्हणाले. "सात दिवस हा असाच. आईबाप गेले तर डावीकडे फाडायचं. भाऊबहीण, बायको, मूल, यांच्यासाठी उजवीकडे." जणू वेल्डिंगचं चिन्ह समजावून सांगत होते. मग टेबल आवरून ते घरी गेले, आणि आठवडाभर ते आणि वहिनी दिवाणखान्यात खाली जमिनीवर बसून राहिले. मी भात घेऊन गेलो होतो. तोवर मला तो शिजवता यायला लागला होता.

मिलकाचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. युनिव्हर्सिटीत तिची ब्वेनोस आयरेसहून शिकायला आलेल्या एका मुलाशी ओळख झाली. एर्नान त्याचं नाव. लाघवी मुलगा होता. चौऱ्याहत्तरमध्ये दोघांनी सिटी हॉलमध्ये जाऊन लग्न केलं आणि अर्जेंटिनाला निघून गेली. आक्षीकरांना तो आपल्यातला नाही याचं वाईट वाटलं, पण त्यांनी आकांडतांडव केलं नाही. त्यांनी केलं ते वेगळंच. ते गेले नाहीत.

मिलका दर पंधरा दिवसांनी मराठीत पत्र लिहायची आणि दर पत्रात, बाबा, या. तिकडचे जुने कॅफे आणि बार तिच्या डोक्यात भरले होते. शंभर शंभर वर्षांची हॉटेलं, संगमरवरी टेबलं, काळे पडलेले आरसे, एका कॉफीवर अर्धा दिवस बसून राहिलेली माणसं आणि आयुष्यभर एकाच बारमध्ये वाढपाचं काम केलेले म्हातारे वेटर. आक्षीकर ती पत्रं आम्हाला वाचून दाखवायचे. एक तर मला अजून पाठ आहे. "शुक्रवारी संध्याकाळी मी एका बारमध्ये जाते. नाव सांगणार नाही, तुम्ही आलात की तुमचं तुम्हीच ओळखायचं. खूण देते. तिथला वेटर म्हणजे अगदी आपले हानोखकाका. आणि तो माझ्यासाठी मनुका भिजवून ठेवतो."

मनुकांचं असं की शुक्रवारी दिवस मावळताना यांच्याकडे प्रार्थना म्हणून द्राक्षारस पितात. कोकणात कुठला आलाय द्राक्षारस. म्हणून बेने इस्राएल लोक काळ्या मनुका पाण्यात भिजवतात, कुस्करतात, गाळतात आणि त्या सरबतावर प्रार्थना म्हणतात. वहिनी हॅमिल्टनातही तेच करत. आणि ही पोरगी, जिथं पाण्यासारखी वाईन मिळते त्या गावात, बारमध्ये बसून मनुकांचं पाणी मागत होती. आम्ही पोट धरून हसलो होतो.

आक्षीकर तिला उत्तर लिहायचे, "यंदा सुट्टी साठवतो आहे. पुढल्या वर्षी बघू." खरोखरच ते सुट्टी साठवत होते. सहा आठवड्यांची व्हेकेशन साठली होती. कसली वाट पाहत होते, देव जाणे. थोडा रुसवा असेल. मी एकदा म्हटलंही, जाऊन या की. तर म्हणाले, "जाईन रे. मुलगी कुठे पळून चाललीय?"

शहात्तरमध्ये तिकडे लष्कराचं राज्य आलं. सत्त्याहत्तरच्या ऑगस्टात पत्रं बंद झाली. आधी एर्नानला लष्करानं उचलून नेलं होतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. मिलका त्याला शोधत मागे राहिली होती. आक्षीकरांनी तारा केल्या, सरकारी कचेऱ्यांना पत्रं लिहिली. उत्तरं आली, सभ्य, छापील, चौकशी चालू आहे म्हणून. घरमालकानं कळवलं की खोलीला कुलूप आहे. बस्स, एवढंच.

अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरात आक्षीकर साठवलेल्या सुट्टीतले दोन आठवडे घेऊन एकटेच ब्वेनोस आयरेसला गेले. लायब्ररीतून तबकड्या आणून बेसमेंटमध्ये बसून वर्षभर स्पॅनिश शिकले होते. तिथं माणसाबद्दल विचारणं म्हणजे विचारणाराही नाहीसा होणं, हे त्यांना पक्कं कळलं होतं. म्हणून त्यांनी डोकं लढवलं. ते माणूस विचारत नसत, मनुका विचारत. बारमध्ये जायचं, हानोखसारखा वेटर शोधायचा, कॉफी मागवायची आणि जो येईल त्याला विचारायचं, तुमच्याकडे भिजवलेल्या मनुका मिळतील का. वेटर हसत, खांदे उडवत. एकानं खरंच वाटीभर आणून दिल्या, पण त्या केकमध्ये घालायच्या, रममध्ये भिजवलेल्या.

मग दर नोव्हेंबरात हा नेम झाला. बेसमेंटच्या भिंतीवर त्या शहराचा भला मोठा नकाशा लागला. बघून झालेल्या बारवर तांबडं वर्तुळ. काही ठिकाणी दोन, काही ठिकाणी तीन, कारण वेटरांच्या पाळ्या बदलतात आणि आक्षीकर कुठलंही काम एकदा तपासून सोडत नसत.

या सगळ्यात वहिनींचं काय चाललं होतं ते मी पाहत होतो. यांच्यात माणूस गेल्याच्या दिवशी दरवर्षी एक दिवा लावतात, रात्रंदिवस जळणारा. ऐंशी साली ऑगस्टात वहिनी म्हणाल्या, मला मिलकाचा दिवा लावायचा आहे, मला खाली बसायचं आहे, मला एकदा नीट रडायचं आहे. आक्षीकर जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "जिवंत माणसाचा दिवा लावत नाहीत. पाहिल्याशिवाय सही नाही." वहिनी उठून आत गेल्या. मला त्या दिवशी त्यांचं ताट त्यांच्या अंगावर फेकावंसं वाटलं होतं. बाईनं तीन वर्षं घसा दाबून धरलाय आणि हा माणूस तिला चेकरचे नियम सांगतोय.

पुढे चार वर्षं दर ऑगस्टात हाच तंटा झाला. त्र्याऐंशीच्या शेवटी तिकडचं लष्करी सरकार गेलं. पेपरात एकेक भयंकर गोष्ट छापून यायला लागली. आक्षीकर रिटायर झाले होते, गुडघे धरले होते. चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "भाऊजी, यंदा तुम्ही जा ह्यांच्याबरोबर. एकदा काय ते होऊन जाऊ दे. आहे तर आहे, नाही तर नाही म्हणून ह्यांना घेऊन या. मी आता थकले." मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

आम्ही पोचलो तेव्हा तिथं वसंत होता. रस्तोरस्ती जांभळ्या फुलांची झाडं. आक्षीकरांनी हॅमिल्टनचा जाड कोट हातावर घेतला आणि चालायला लागले. आठ दिवस आम्ही सकाळी दहा ते संध्याकाळी सात बार पालथे घातले. खोटं कशाला सांगू, मला ती ठिकाणं फार आवडली. एका कॅफेच्या तळघरात बिलियर्डची टेबलं होती आणि वर छताला रंगीत काचा. एकात भिंतभर पितळी कड्यांचं लाकडी बर्फाचं कपाट. एके ठिकाणी चार म्हातारे बुद्धिबळ खेळत होते आणि पाचवा नुसता उसासे टाकत होता. कॉफीबरोबर छोट्या पेल्यात सोडा आणि बोटाएवढं बिस्किट. वेटर पांढऱ्या कोटातले, काळा बो लावलेले, काही लिहून न घेता आठ जणांची ऑर्डर डोक्यात ठेवणारे. मला वाटायचं, मिलकानं आम्हाला इथं हसतखेळत फिरवायचं होतं. मग मी कप अर्धाच ठेवून उठायचो.

आक्षीकरांना यातलं काही दिसत नव्हतं. ते फक्त चेहरे तपासत. हानोखांचा फोटो पाकिटात होता. उंच, सडपातळ, बाकदार नाक, पांढऱ्या मिश्या. तसले वेटर त्या गावात ढिगानं होते. आठ दिवसांत आम्हाला पाच हानोख भेटले. पाचव्याच्या वेळी तर मीच उठून उभा राहिलो, इतका तो फोटोतल्यासारखा. आक्षीकरांनी मनुका विचारल्या. त्यानं अत्यंत अदबीनं आम्हाला दोन चौक पलीकडचं वाण्याचं दुकान दाखवलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही शहराच्या दक्षिण भागात, एका कोपऱ्यावरच्या जुन्या बारमध्ये शिरलो. एका अंगाला किराणा, दुसऱ्या अंगाला बार, मध्ये जस्ताचा कट्टा. मी नकाशा पाहिला. त्यावर आधीच तीन वर्तुळं होती. म्हटलं, "इथं तीनदा येऊन गेलात. कशाला पुन्हा?" म्हणाले, "गुडघे दुखतायत. बसू जरा." म्हणजे शोधायला नव्हे, बसायलाच आम्ही तिथं गेलो होतो.

वेटर बुटका, गोल, टकला. हानोखांच्या आसपासही जाणारा नव्हता. आक्षीकरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, ते बूट सैल करत होते. त्यानं दोन कॉफ्या आणल्या. माझ्यापुढे कप ठेवला, त्याचा कान माझ्या उजव्या हाताकडे वळवला आणि कपाशेजारी टेबलावर तळहातानं दोनदा थापटलं. ठप ठप.

मी म्हटलं, "अहो आक्षीकर, हा तुमच्यासारखं थापटतो."

"कुणासारखं?"

"तुमच्यासारखं. चहा दिलात की थापटता तसं. सगळं ऑफिस तुमची नक्कल करत होतं, आठवतंय ना?"

 मग त्यांनी स्वतःचा हात टेबलावर ठेवला आणि दोनदा थापटून पाहिलं, अगदी हळू. "हे हानोखचं," ते म्हणाले. "ताट वाढलं की हानोख पाटाशेजारी असा हात मारायचा. जेव म्हणून. आई गेल्यावर त्यानंच वाढलं मला." पुढे म्हणाले, "मिलकालाही लहानपणी त्यानंच भरवलं." आणि मग त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पोरीनं खूण चेहऱ्याची दिलीच नव्हती.

वेटर ट्रे धरून अजून तिथंच उभा होता. या वेळी आक्षीकरांनी मनुका विचारल्या नाहीत. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या गावात सरळ सांगितलं, मी मिलकाचा बाप. एवढं स्पॅनिश मलाही कळलं.

वेटरनं ट्रे शेजारच्या टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसला. तिथले वेटर गिऱ्हाइकाबरोबर कधी बसत नाहीत. तो बोलायला लागला. आठ दिवस आक्षीकर मला प्रत्येक बारमधलं बोलणं मराठीत सांगत आले होते, कारण मला ओ की ठो कळत नव्हतं. त्या सवयीनं त्यांनी आताही सांगायला सुरुवात केली. एक वाक्य तो बोलायचा, एक हे. मी म्हणालो, राहू द्या, मला नका सांगू. त्यांनी ऐकलं नाही. मला वाटतं, मराठीतून बोलल्याशिवाय ते त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हतं.

"तो म्हणतो, मला माहीत आहे तुम्ही कोण. पहिल्यांदा आलात तेव्हाच कळलं. भुवया तिच्याच.

"म्हणतो, तुम्ही तीनदा मनुका विचारल्यात. मी तीनदा नाही म्हणालो. माझ्या घरात दोन मुलं होती.

"म्हणतो, शुक्रवार होता. ती आली, या खिडकीशी बसली. मनुका कट्ट्यामागे पेल्यात भिजत होत्या. मी गाळायला घेतल्या. तेवढ्यात नंबरपाटी नसलेली गाडी दाराशी थांबली. तिघं आले.

"म्हणतो, तिला ओढत नेताना ती ओरडली. स्वतःचं नाव. बापाचं नाव. हॅमिल्टन, कॅनडा. दोनदा. बारमध्ये वीस माणसं होती. सगळी आपापल्या कपात बघत होती. मीसुद्धा. कुणी कळवलं नाही. मीही नाही."

  मग वेटरनं खाली बघत आणखी दोन-चार वाक्यं सांगितली. आक्षीकरांनी ती मला लगेच सांगितली नाहीत. त्याला पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तपासून घेत होते.

"या जूनमध्ये एक बाई आली होती इथं," शेवटी ते म्हणाले. "मिलकाबरोबर एका खोलीत कोंडलेली होती. ही सुटली. म्हणते, एका बुधवारी मिलकाला इतर काहीजणांबरोबर बाहेर नेलं. हिनं डोळ्यांनी पाहिलं. त्या बुधवारच्या माणसांतलं कुणीही, कुठंही, परत आलेलं नाही." ते घोटभर पाणी प्यायले. "म्हणते, मिलका रोज सांगायची, माझे बाबा येतील. त्यांची सुट्टी साठलेली आहे."

मला रडू आवरलं नाही. आक्षीकर रडले नाहीत. त्यांनी वेटरकडे सुरी मागितली. वेटर घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली, दे म्हणून. त्यानं पाव कापायची सुरी आणली. आक्षीकरांनी शर्टाच्या उजव्या बाजूला, छातीच्या वर, नीट जागा पाहून चीर पाडली, सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कापड फाडलं. मग तीच हिब्रूतली ओळ म्हणाले. वेटर उठून उभा राहिला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

त्या माणसाला ते एक अक्षर वाईट बोलले नाहीत. निघताना त्याच्या खांद्यावर हात मात्र ठेवला. मी ठेवला नसता.

परतीच्या दिवशी विमानतळावर सगळे बाह्या सरसावून वारा घेत होते आणि आक्षीकर तो जाड कोट गळ्यापर्यंत बटणं लावून बसले होते. मी म्हटलं, माझा शर्ट घाला, पण कोट काढा, मराल उकडून. हा शर्ट सात दिवस बदलायचा नसतो, म्हणाले. विमान वर गेल्यावर म्हणाले, "वैद्या, रिबकाला काही सांगायचं नाही."

माझा तोल गेला. "पाच वर्षं तुम्ही त्या बाईला दिवा लावू दिला नाहीत. पाहिल्याशिवाय सही नाही म्हणालात. आता तुम्हाला कळलं, तुम्ही शर्ट फाडून मोकळे झालात, आणि ती तशीच? ती मला म्हणाली, काय ते होऊन जाऊ दे म्हणून."

"म्हणते ती तसं," आक्षीकर म्हणाले. "पण दर शुक्रवारी मनुका भिजवताना तीन माणसांच्या मोजते. मी बघतो ना. मी नकाशे लावत बसलो, तिनं तेवढंच केलं." मग खिडकीची झडप खाली ओढली. "एक महिनाभर तिला मुलगी असू दे. मग सांगेन."

 इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस बायकोची परवड करतो. आणि तो सगळ्या भांडणांत तिच्या वाटीतल्या मनुका बघत होता. तरी माझा राग गेला नाही. अजून गेलेला नाही. पहिल्या वर्षी, पत्र आलं तेव्हा, सुट्टी होती की हो तुमच्याकडे. हे मी त्यांना कधी बोललो नाही, आणि मला कळतं की बोलायची गरजही नव्हती.

त्यानंतर आक्षीकर तीन वर्षं होते. आमचं जाणंयेणं होतं, चहाही होत असे. पण शेवटचं म्हणून माझ्या डोळ्यांपुढे येतं ते आम्ही परतलो त्या रविवारचंच.

हॅमिल्टनला पोचलो तेव्हा पहिला बर्फ पडून गेला होता. कुणीतरी शेजाऱ्यानं त्यांची पायवाट शोव्हल करून ठेवली होती. वहिनींनी दार उघडलं. आक्षीकरांनी बूट काढले आणि कोटासकट सोफ्यावर जाऊन बसले. मी बॅगा धरून दारातल्या पायपुसण्यावरच उभा. घर तापवणारी फर्नेस भरात चालू होती.

"कोट काढा," वहिनी म्हणाल्या.

"थंडी वाजतेय."

"घरात कसली थंडी? घाम फुटलाय तुम्हाला."

 वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅगांकडे पाहिलं. मग त्या पुढे झाल्या आणि शाळेतून आलेल्या मुलाची काढावीत तशी त्यांनी एकेक करून कोटाची बटणं काढली. आक्षीकरांनी हात आडवा घातला नाही. कोट उघडला. वहिनींनी फाटलेला शर्ट पाहिला. उजवी बाजू पाहिली. फाटलेल्या दोन कडा त्यांनी बोटांनी क्षणभर जुळवून धरल्या आणि सोडून दिल्या.

मग आत गेल्या, गॅस बंद केल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या, सोफ्याला पाठ टेकली आणि खाली जमिनीवर बसल्या. मग शेजारच्या रिकाम्या जागेवर तळहातानं दोनदा थापटलं.

आक्षीकर गुडघ्यांवर हात देत खाली उतरले आणि त्यांच्या शेजारी बसले. वहिनींना पहिला हुंदका आला तेव्हा मी बॅगा खाली ठेवल्या आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.